लिफ्टमधल्या डब्यावरून

गोखले काकू (बी-५०२): कमिटीने कृपया लक्ष घालावे. काल रात्री सई लिफ्टमध्ये एक डबा घेऊन होती. नळ्या, वायरी आणि वर ‘पेशी’ अशी चिठ्ठी. घरात असले प्रयोग चालतात का? आमच्याकडे नातू लहान आहे.

सेक्रेटरी (ए-१०४): काकू, अंतराळ स्थानकावर पेशी वाढवता येतील असा डबा तिने बनवलाय, त्याच कामाला तिला राष्ट्रीय पातळीवरचं बक्षीस मिळालंय. रविवारी क्लबहाउसमध्ये सत्कार आहे. नोटीस लावली आहे.

देशपांडे काका (ए-३०१): सत्काराचा खर्च मेंटेनन्समधून करायचा नाही. तसा ठराव झालेला नाही.

मनीष (सी-२०३): अभिनंदन सई!! आणि ती पांढरी ॲक्टिव्हा परत माझ्या पार्किंगमध्ये उभी आहे. कोणाची आहे?

गोखले काकू: बक्षिसाचं कौतुकच आहे. मी डब्याचं विचारलं.

सई (बी-६०१): काकू, डबा रिकामा आहे, ते फक्त मॉडेल आहे. पेशी कॉलेजच्या लॅबमधून बाहेर नेत नाही. त्यांना ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजं पोषक द्रव लागतं. घरात त्या टिकणारच नाहीत.

सईची आई: दिवाळीतसुद्धा पोर लॅबमध्ये होती. एकदा फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं काकू. मागे मांजरावरूनही असंच थेट ग्रुपवर टाकलं होतं.

गोखले काकू: मांजराचा विषय मी काढलेला नाही.

देशपांडे काका: सत्काराचा खर्च मेंटेनन्समधून करायचा नाही. वर लिहिले आहे, कोणी उत्तर दिलेले नाही.

मनीष: पण अंतराळात पेशी वाढवून करायचं काय? इथे सी विंगला चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही 😀

परांजपे आजोबा (सी-४०४): पाणी मलाही नाही, तरी लिहितो. मी एनसीसीएसमधून, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून निवृत्त झालो. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही संस्था देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवते. लॅबमध्ये पेशी उबेत वाढवायचा इन्क्युबेटर दोघांनी उचलावा असा असतो, शेजारी गॅसचा सिलिंडर. अंतराळ स्थानकावर एवढी जागा कुठली? वीजही मोजून मिळते. त्यात वजनच नसल्यामुळे द्रवातला बुडबुडा वर येत नाही. तो पेशींवर चिकटून बसतो आणि त्याच्याखालच्या पेशी उपाशी मरतात. सईने तळहाताएवढ्या चौकटीत छोट्या पंपाने द्रव खेळवला आहे. वाटेत पांढरा पातळ पडदा आहे, त्यातून हवा निघून जाते, द्रव आत राहतो. मी भिंगाखाली पाहिलं, बुडबुडा पडद्यापाशी येतो आणि बारीक होत होत नाहीसा होतो. फार सुंदर काम आहे. टिंगल करू नये.

मनीष: आजोबा, गंमत होती. सॉरी सई.

सई: थँक्यू आजोबा 🙏 मनीषदादा, अंतराळवीरांच्या कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घटते. वयस्कर माणसांची वर्षभरात घटते तेवढी. असं का होतं आणि कोणतं औषध लागू पडेल, हे हाडाच्या पेशी तिथेच वाढवून तपासता येतं. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हा स्नायूंच्या पेशींवरचा भारतीय प्रयोग सोबत होताच.

सेक्रेटरी: सी विंगचा प्लंबर पाचला येतोय. ॲक्टिव्हा ए-२०२ च्या पाहुण्यांची आहे, काढायला सांगितलं.

गोखले काकू: सई, माझ्याही हाडांची घनता कमी आलीये. गोळ्या चालू आहेत. माझ्या हाडांना याचा उपयोग होईल का गं?

सई: लगेच नाही काकू. गोळ्या बंद करू नका हं. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन वर या, आजोबांनाही बोलावते. डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून काढू.

सईची आई: या काकू. चहा टाकते.

देशपांडे काका: सत्काराचा खर्च मेंटेनन्समधून

सेक्रेटरी: काका, शाल-श्रीफळ मी माझ्या खिशातून आणतोय.

देशपांडे काका: मग हरकत नाही. पेढे माझ्याकडून. चितळेंचे आणतो, पण दुपारी एकच्या आत कोणीतरी आठवण करा.