रेडिएशन चालू असताना तोंड आलं तेव्हा काय खाल्लं, कसं निभावलं?

सायली_ठाणे
माळा आवरताना बाबांचा मास्क सापडला. तो जाळीचा, प्लास्टिकचा, चेहऱ्याच्या मापाचा, रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून घालतात तो. आई म्हणाली टाकून दे, मला काही टाकवेना. बाबांना जिभेच्या कडेला कॅन्सर होता. ऑपरेशन झाल्यावर शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. पहिले दोन आठवडे बाबा आरामात वरणभात जेवत होते, आम्हाला वाटलं लोक उगाच घाबरवतात. तिसऱ्या आठवड्यात तेच वरण तोंडात घेतलं आणि घळाघळा पाणी आलं डोळ्यांतून. तिखटाचा कणही नव्हता, नुसतं मीठ झोंबलं. गाल आतून लालभडक, मग त्यावर पांढरट साय धरल्यासारखे चट्टे. लाळ इतकी चिकट की ओढली तर तार निघावी. रात्री उशाशी वाडगा ठेवायचो.
आमच्याकडे चाललं ते म्हणजे गुळण्या. लिटरभर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा. दर दोन तासांनी, रात्री जाग आली तरी. दुकानातलं झणझणीत माउथवॉश डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केलं, त्यात अल्कोहोल असतं. आता ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहा ना कोणी काय केलं ते.

वरणफळ
आटवल!! मुगाची डाळ जास्त, तांदूळ कमी, कुकरला पाच शिट्ट्या, मग घोटून वरून तूप. हळद सोडून काही नाही. सासूबाई रोज तेच खात होत्या.

खमंग_काकडी
@वरणफळ आमच्याकडे गुरगुट्या भात करतात, त्यात डाळ नसते. आटवल वेगळं.

वरणफळ
अगं हो, पण प्रोटीन नको का. नुसत्या भाताने वजन टिकत नाही. सासूबाईंचा मास्क सैल पडला होता वजन उतरल्यावर, परत माप घेऊन नवा केला. तेवढे दिवस शेक लांबला.

बोलका_मुका
मी स्वतः पेशंट. घसा. ३५ शेक, सोबत आठवड्याला केमो. आता बरा आहे, आवाज फाटका आहे पण बायको म्हणते आधीही फार गोड नव्हता.
जे मला कोणी सांगितलं नाही ते सांगतो. शेवटचा शेक झाला, नातेवाईक पेढे घेऊन आले, सगळ्यांना वाटलं संपलं. खरा त्रास त्यानंतरचे दोन आठवडे. आतलं भाजणं मशीन बंद झालं म्हणून थांबत नाही. पाण्याचा घोट घ्यायच्या आधी मी टेबलाची कड धरायचो आणि मान एका बाजूला वळवून गिळायचो, त्या बाजूने कमी टोचायचं. पेढे फ्रीजमध्ये. मुलांनी संपवले.
दुसरं, दुखणं सोसू नका. मी आधी हिरो बनून साध्या गोळीवर काढत होतो. घास खाल्ला नाही की ताकद जाते, ताकद गेली की शेक चुकतो, आणि मधे खंड पडलेला चांगला नाही. मग डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. नाव ऐकून घरात रडारड, आता संपलं म्हणून. काही संपत नाही. जेवायच्या अर्धा तास आधी गोळी, जेवायला बसताना बधिर करणारं जेल तोंडात फिरवून थुंकायचं, आणि मग जितकं जाईल तितकं भराभर. गरम नको, थंडगार पण नको. मॉर्फिनने पोट मात्र गच्च होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

कोल्हापुरी_पायताण
बोलका मुका नाव एक नंबर 😄
आमच्या आज्जीला गालात झालं, जन्मभर मिश्री लावली. एवढं बघून पण माझा चुलता अजून गुटखा खातोय. २०१२ पासून बंदी आहे म्हणं राज्यात. कुठं आहे बंदी?

निशिगंध
तंबाखूवर घसरायच्या आधी एक सांगते. माझ्या बहिणीने सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. तिलाही झालं. वॉर्डात जो येईल तो विचारायचा, काय खायची? ती बोलू शकत नव्हती, मीच उत्तरं देत बसायचे.

कोल्हापुरी_पायताण
ताई चुकलं. तसं म्हणायचं नव्हतं.

दाढदुखी
दातांची डॉक्टर आहे, लवकर लिहिते, पेशंट बाहेर बसलाय. शेक सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्या, काढायचे असतील ते आधी काढून जखम भरू द्या. नंतर दात काढला तर शेक बसलेलं जबड्याचं हाड भरून येत नाही कधी कधी. पुढे कित्येक वर्षांनी दात काढायचा झाला तरी शेक घेतला होता हे आधी सांगायचं. पांढरे चट्टे पुसले जात असतील तर बुरशी असू शकते, त्याला वेगळं औषध लागतं, नुसत्या गुळण्यांवर राहू नका. कवळी असेल तर काढून ठेवा.

मंदाताई
मध लावलेला चालतो का? शेजारणीने तुरटी पण सांगितलीय.

दाढदुखी
मधावर अभ्यास झालेत, काहींना फायदा दिसलाय. पण डायबेटिस असेल तर विचारून, आणि दात किडतात, म्हणून नंतर गुळणी करायची. तुरटी नको हो, आधीच सोललंय.

सांगलीकर७७
नळीबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्या ह्यांनी नाकातल्या नळीला साफ नकार दिला होता, लोक काय म्हणतील. शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा घातली. घातल्यावर दोन दिवसांत चेहऱ्यावर तकाकी आली. दूध, नाचणी, मिक्सरमधून काढून गाळलेली खिचडी, सगळं पिचकारीने हळूहळू. अर्धं बसवून द्यायचं आणि नंतर लगेच आडवं होऊ द्यायचं नाही. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी सोडायचं नाहीतर नळी तुंबते. एकदा कणी राहिली आणि रात्री बाराला धावपळ. ह्यांचं एकच दुःख, नळीतून सगळं जातं पण मिसळीचा वास खिडकीतून येतो.

वरणफळ
सांगलीत कुठली मिसळ?

सांगलीकर७७
आमच्या गल्लीतलीच गं, नाव नाही त्याला.

परभणी_एक्स्प्रेस
आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो भावाला घेऊन. तिथं सगळे एकाच रोगाचे, त्यामुळे लाजायचं काही नाही. संध्याकाळी बायका एकमेकींना सांगायच्या, आज माझ्याच्या पोटात केळं कुस्करून गेलं, आज उकडलेलं अंडं दुधात गेलं. डॉक्टरपेक्षा तिथं जास्त शिकलो असं म्हणणार नाही, पण धीर तिथं मिळाला. परळला शेकाला चालत जायचो.

मेलबर्नकर
इथे भावजीचं चालू आहे. त्याला लो लेव्हल लेझर (कमी ताकदीचा लेझर, तोंड कमी यावं म्हणून) देतात तोंडात, आधीपासूनच. भारतात मिळतं का?

दाढदुखी
मिळतं, पण सगळीकडे नाही. मोठ्या ठिकाणी विचारा.

अबोली_रत्नागिरी
सगळं वाचलं. आमच्याकडे बुधवारी मास्कचं माप आहे. घरात काय आणून ठेवू? आणि चव कधी परत येते? बाबांना माशाशिवाय जमत नाही.

बोलका_मुका
लहान मुलांचा मऊ ब्रश. मिक्सरचं छोटं भांडं. वजनकाटा, आठवड्याला वजन लिहून ठेवा. तोंड उघडायचा व्यायाम दाखवतील तो दुखतं म्हणून सोडू देऊ नका, नाहीतर जबडा आखडतो. चव हळूहळू येते, महिने लागतात. मला चहा आधी नुसता गरम पाण्यासारखा लागायचा. लाळ मात्र कमीच राहिली, पाण्याची बाटली जाईन तिथे सोबत असते. मासे येतील परत, आधी काटे काढून, नारळाच्या दुधात, कोकम नको.

अबोली_रत्नागिरी
धन्यवाद दादा. कोकम नको म्हटल्यावर आई चिंतेत पडलीये 🙂 नाचणीचं सत्व विकतचं आणू की घरी करू? गुठळ्या होतात माझ्याच्याने.

सांगलीकर७७
विकतचं आण, धावपळीत वेळ नसतो. आधी थंड पाण्यात कालव, मग उकळत्या दुधात ओत आणि हात थांबवू नकोस. तरी झाल्या तर गाळून घे.