सायकलवाल्यांचा सामाईक नकाशा करायचाय, पण कुणाचं घर उघडं न पाडता – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, "माझ्या बाजूने पहाटे कुणी निघतं का?" मेसेज इतके येतात की दुपारपर्यंत प्रश्न वर कुठेतरी हरवलेला असतो. मग तो बिचारा एकटाच निघतो, आणि दोन गल्ल्या पलीकडचा दुसरा कुणी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, एकटाच. म्हणून सगळ्यांनी आपापली पिन टाकायची असा नकाशा करायचं ठरलंय. काम अर्थातच माझ्या गळ्यात.

पहिला विचार गूगल माय मॅप्सचा. पण लिंक असलेल्या सगळ्यांना एडिट करायची मुभा दिली, तर कुणीही कुणाचीही पिन हलवू किंवा उडवू शकतो. फॉर्म भरून घेऊन शीट इम्पोर्ट करता येते, पण नंतर शीटमध्ये झालेले बदल नकाशावर आपोआप येत नाहीत. दरवेळी मीच बसायचं का?

खरी अडचण मात्र वेगळी आहे. नकाशावर पिन, पिनवर नाव, शेजारी "कार्बन फ्रेम" (म्हणजे महागडी सायकल) आणि "रोज साडेपाचला बाहेर". चोराला आणखी काय हवं? काही जणींनी तर स्पष्ट सांगितलं की घराजवळची पिन टाकणार नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं. नावं नसली म्हणजे झालं, असंही नाही. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने २०१७ मध्ये जगभरच्या राईड्स आणि धावण्याच्या नोंदींचा हीटमॅप (कुठे किती वर्दळ ते रंगांनी दाखवणारा नकाशा) काढला, त्यावर एकाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून लष्करी तळ ओळखून दाखवले.

अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन स्थळांपर्यंतच ठेवले, तर जागा साधारण किलोमीटरभर ढोबळ होते. तीन ठेवले तर शंभरेक मीटर. दोन ठेवले की शेजारपाजारचे सगळे एकाच बिंदूवर येऊन बसतात, तीन ठेवले की मोजक्या इमारतींपर्यंत पोचता येतं. तुम्ही काय कराल?

दुसरं, पिनवर काय लिहून घ्यावं? माझ्या मते वेळ आणि सरासरी वेग हे अंतरापेक्षा महत्त्वाचे. एक १८ ने चालवतो, दुसरा २८ ने. तासाभरात दोघांत दहा किलोमीटर पडतात, मग शेजारी असून काय उपयोग? (स्वतः सांगितलेला वेग दोनाने कमी करून वाचायचा, हे सर्वांना ठाऊक आहेच.)

प्रतिसाद

घराची पिन मागूच नका. राईड जिथून सुरू करता ती जागा मागा: चौक, पेट्रोल पंप, तलावाचं गेट. भेटायचं तिथेच असतं. मग दशांश स्थळांची कटकट उरत नाही, आणि एका जागी चार पिना पडल्या तर उलट बरंच.

साधन म्हणून यूमॅप बघा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतं, फुकट आहे, आणि एडिट कुणी करायचं हे ठरवता येतं. शीट सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून पब्लिश करून तिची लिंक नकाशाच्या लेयरला (पिनांच्या थराला) जोडली की नव्या नोंदी आपोआप दिसतात. फक्त फॉर्मची मूळ शीट पब्लिश करू नका, त्यात ईमेल-फोनसुद्धा जातील. वेगळा टॅब करा, त्यात मोजकेच कॉलम घ्या आणि तेवढाच पब्लिश करा.

घराचीच पिन हवी असा कुणाचा हट्ट असेल तर ती एकदाच इकडेतिकडे सरकवा आणि तिथेच राहू द्या. दरवेळी नव्याने सरकवली तर सगळ्या जागांची सरासरी काढून मधलं घर सापडतं.

धागाकर्ता

निघायच्या जागेची कल्पना एकदम पटली, तेच करतो. वेगळ्या टॅबचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आभार.

आता दोन गोष्टी उरल्या. पिन बघून संपर्क कसा साधायचा? फोन नंबर नकाशावर द्यायचा नाही, आणि सगळे निरोप ॲडमिनमार्फत पोचवायचे तर मी सायकल चालवणार कधी? आणि ज्यांनी सायकल केव्हाच विकली, त्यांच्या पिना कशा काढायच्या? दर तीन महिन्यांनी "अजून चालवताय का?" विचारून उत्तर न देणाऱ्यांची पिन काढावी असं मनात आहे. कुणी असं करून पाहिलंय का? लोक चिडतात का?