‘गॉथिक’ प्रेमकथेला काय म्हणावं? आणि वाडा झपाटलेला की पछाडलेला?

दादरहून प्रश्न
आमच्या वाचनगटासाठी एका लघुकादंबरीचा अनुवाद करते आहे. समुद्रकाठचा पडका वाडा, रात्री माडीवर वाजणारी पावलं, आणि त्याच वाड्यात दोन एकाकी माणसांचं फार हळुवार प्रेम. ‘भयकथा’ म्हटलं की प्रेम निसटतं, ‘प्रेमकथा’ म्हटलं की भीती. ‘गॉथिक’ तसाच ठेवू का? शिवाय वाडा ‘झपाटलेला’ लिहू की ‘पछाडलेला’?

गिरगाव
‘गॉथिक’ ठेवा. राजाबाई टॉवर आणि बोरीबंदरचं स्टेशन या गॉथिक शैलीच्या इमारती बघत वाढलेल्या मुंबईकराला तो परका नाही. साहित्यातही हा शब्द वास्तूचा हात धरूनच आला. इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलची किल्ल्यातली भयकथा १७६४च्या अखेरीस आली आणि १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तिला ‘गॉथिक कथा’ असं उपशीर्षक दिलं. मुखपृष्ठावर मात्र ‘गॉथिक प्रणयकथा’ असं जोडूनच छापा, नाहीतर लोकांना स्थापत्यावरचं पुस्तक वाटेल.

पार्ले
‘पछाडणे’ नको. दारिद्र्याने पछाडलं, संशयाने पछाडलं असं आपण म्हणतो. त्यात जाच आहे, सुटकेची इच्छा आहे. ‘झपाटणे’ दोन्हीकडे चालतं: भूत झपाटतं, आणि सूर, कल्पना, माणूसही झपाटतो. झपाटलेल्याला सुटायचं असतंच असं नाही. या प्रकारच्या कथेचं आकर्षण मला तरी नेमकं इथेच दिसतं. नायिका घाबरलेली असते, पण वाडा सोडून जात नाही.

आपल्या रसचर्चेत विश्वनाथाचा ‘साहित्यदर्पण’ भयानक हा शृंगाराचा विरोधी रस मानतो. पण भरतमुनींचं ‘नाट्यशास्त्र’ बघा. शृंगारातून भरत फक्त आलस्य, उग्रता आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, हे तीनच भाव वगळतो. शंका आणि त्रास, म्हणजे दचकणं, शृंगारात चालतात! चांगल्या गॉथिक प्रणयकथेत हेच पाळलेलं दिसतं. काळजात धस्स होतं, किळस येत नाही. म्हणून अनुवादात ‘भेसूर’, ‘बीभत्स’, ‘रक्तबंबाळ’ हे शब्द हात राखून वापरा. ‘भारलेली खोली’, ‘कातरवेळ’, ‘हुरहुर’ यांच्यावर भर द्या. ‘भारणे’ तर मंत्रातून आलेलं क्रियापद आहे, भारलेलं पाणी, भारलेला दोरा, आणि आपण सहज म्हणतो, तिच्या गाण्याने भारून गेलो.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘वावर’. ‘आजीचा स्वयंपाकघरात वावर असायचा’ आणि ‘त्या माडीवर कुणाचा तरी वावर आहे’ यांत शब्द बदलत नाही, फक्त माणूस जिवंत आहे की नाही एवढंच बदलतं. ज्या कथेत भुताचाही लळा लागतो, तिला याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

लालबाग
आमच्या साताऱ्याकडचा ‘लागीर’ विसरू नका. भूत लागलं तरी लागीर, जीव जडला तरी लागिरं झालं. पण कादंबरीतली माणसं शहरी, अबोल असतील तर तो निवेदनात खटकेल. म्हाताऱ्या मोलकरणीच्या तोंडी शोभेल.

दादर
मोलकरीण आहे, तिसऱ्या प्रकरणात! ‘लागीर’ तिला दिला. पहिलं वाक्य ‘पछाडलेल्या वाड्यात ती आली’ असं होतं, ते आता असं केलं: ‘ती राहायला आली तेव्हा वाड्यात आधीच कुणाचा तरी वावर होता.’ ‘झपाटणे’ शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवते, तिथे ते नायकाबद्दल येईल.

पार्ले
‘आधीच’ काढून बघा. मग ‘कुणाचा तरी’वर जोर येतो.