लहान ज्यू समाजाचे विश्वस्त आणि पुढील वीस वर्षांची भविष्यचित्रे

रेवदंडा ते रायबंदर (प्रश्न)

नमस्कार. मी मूळचा रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली (कोकणातील मराठीभाषक ज्यू) असून नोकरीमुळे रायबंदरला स्थायिक झालो आहे. गोव्यात आमच्या समाजाची जुनी वस्ती किंवा प्रार्थनालय नाही. किनारपट्टीवर हंगामात इस्रायली पर्यटकांसाठी छाबाद हाउस (छाबाद या ज्यू धार्मिक चळवळीचे केंद्र) चालते, परंतु तेथे जमणारी मंडळी उन्हाळा लागताच पांगतात आणि त्यांचे प्रश्नही आमच्यापेक्षा वेगळे असतात. त्यामुळे माझा संबंध अजूनही गावच्या सिनेगॉगशीच (ज्यू प्रार्थनालयाशीच) आहे. तेथील विश्वस्त मंडळाने ज्यू पंचांगातील तिशरी महिन्याचे सण आटोपल्यावर ‘पुढील वीस वर्षे’ या विषयावर दिवसभराची बैठक ठरवली असून ती चालवण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे.

परदेशातील ज्यू संस्थांना सिनारिओ प्लॅनिंग नवे नाही. एकच अंदाज बांधण्याऐवजी अनेक संभाव्य भविष्यचित्रे मांडायची आणि आजचा निर्णय त्या प्रत्येकावर पारखून घ्यायचा, एवढे मला वाचनातून समजले. मात्र त्या लेखनात पगारी कर्मचारी, सर्वेक्षणे आणि मोठे देणगीदार गृहीत धरलेले असतात. आमच्याकडे मुकादम (समाजाचे प्रमुख), गबाई (खजिनदार), वयोवृद्ध हझ्झान (प्रार्थना चालवणारे) आणि सणासुदीला मुंबई-ठाण्याहून येणारी काही कुटुंबे आहेत. १९४८ च्या सुमारास बेने इस्रायली वीस हजारांच्या घरात होते. आज देशातील सर्व ज्यू मिळूनही पाच हजार भरत नाहीत. भविष्याचा विषय निघाला की तासाभरात बैठकीची शोकसभा होते, हा अनुभव जुनाच आहे.

मंडळापुढचा प्रत्यक्ष प्रश्न असा: बँकेतील ठेव छपरासह इमारतीच्या दुरुस्तीला लावावी, की तिच्या व्याजावर पूर्णवेळ हझ्झान ठेवावा? या निर्णयासाठी ही पद्धत उपयोगी पडेल काय, आणि पडणार असेल तर सुरुवात कोठून करावी?

अंत्रुजवासी

आकडे नाहीत म्हणून ही पद्धत आपल्यासाठी नाही, असे समजू नका. हर्मन कान यांनी रॅन्ड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात तिची मांडणी सुरू केली ती अणुयुद्धासारख्या विषयासाठी, ज्याचा पूर्वानुभव कोणालाच नव्हता. पुढे रॉयल डच शेलमध्ये पिएर वाक यांच्या गटाने ती व्यवस्थापनात आणली, आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडले तेव्हा तशी शक्यता कंपनीच्या वरिष्ठांपुढे आधीच मांडलेली होती.

वाक यांचा पहिला आग्रह असा की, जे ठरूनच गेले आहे ते अनिश्चित गोष्टींपासून आधी वेगळे काढावे. तुमच्या बाबतीत हे काम विलक्षण सोपे आहे. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठीच्या किमान संख्येला, तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. म्हणजे पुढील तेरा वर्षांत तुमच्या मिन्यानमध्ये जे मोजले जाऊ शकतात ते सर्व आज जन्मलेले आहेत. नवा माणूस आला तर तो बाहेरून येईल किंवा धर्म स्वीकारून येईल. त्यासाठी सर्वेक्षण नको, गबाईंच्या वहीतील कुटुंबांची यादी पुरे. अनिश्चित आहे ते एवढेच की, यांपैकी कोण कोठे राहील आणि कोणत्या दिवशी गावी येईल.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. लोकसंख्या हळूहळू उतरते, पण सामूहिक उपासना हळूहळू कमी होत नाही. दहा जण असतील तर तोरावाचन (धर्मग्रंथाचे सामूहिक वाचन) होते, कद्दीश (दिवंगतांसाठीही म्हटली जाणारी प्रार्थना) म्हणता येते. नऊ असतील तर दोन्ही थांबते. म्हणून समाजात किती माणसे उरतील, यापेक्षा वर्षातील किती दिवस दहा माणसे एकत्र येतील, हा प्रश्न बैठकीत ठेवा. आकडा छोटा असला तरी त्याभोवती निर्णय घेता येतात आणि रडारडही कमी होते.

यानंतर दोन अनिश्चितता निवडा. एक, जमणारे मुख्यतः कोण असतील: रायगड-मुंबईत राहणारे, की इस्रायलमधून आजोळ पाहायला येणारे? दुसरी, इमारत चालवील कोण: समाजाचाच न्यास, की पुरातत्त्व किंवा पर्यटन खाते? केरळमध्ये परवूर आणि चेंदमंगलम येथील सिनेगॉग आज संग्रहालये म्हणून जतन केलेली आहेत, आणि कोचीच्या एका सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग तर जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात उभा आहे. तेव्हा ही शक्यता काल्पनिक नव्हे. दोन अक्षांवर चार चित्रे तयार होतील. त्यांवर तुमचा प्रश्न ठेवून पाहा. छपराची गळती थांबवणे चारही चित्रांत लागतेच, म्हणून त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. नवी फरशी आणि झुंबरे फार तर एका-दोन चित्रांत शोभतात. पूर्णवेळ हझ्झान फक्त तेथेच परवडतो जेथे स्थानिक माणसे वर्षभर जमतात. इतर चित्रांत सणापुरता मुंबईहून हझ्झान बोलावणे शहाणपणाचे ठरते. ‘छप्पर की हझ्झान’ असा जो सामना मंडळाने लावला आहे, तो मुळात बरोबरीचा नाही, असे माझे मत आहे.

मडगावचा ग्रंथपाल

वरील विवेचन मान्य आहे, पण दोन सावधानतेचे शब्द.

अशा बैठकीत कोणीतरी बायबलमधील योसेफाचे उदाहरण देतेच: सात सुकाळाची वर्षे, सात दुष्काळाची, धान्याचा पाचवा हिस्सा साठवला. ते उदाहरण येथे गैरलागू आहे, कारण योसेफाला एकच भविष्य सांगितलेले होते आणि ते खात्रीचे होते. आपल्याला जवळचे आहेत ते रब्बी योहानान बेन झक्काई. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडण्यापूर्वी ते शवपेटीतून वेढ्याबाहेर निघाले आणि रोमन सेनापती व्हेस्पासियनकडे त्यांनी यावने हे गाव व तेथील विद्वान मागितले, अशी ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथातील कथा आहे. त्याच ताल्मूदात त्यांच्यावर टीकाही नोंदलेली आहे की त्यांनी जेरुसलेमच का मागितले नाही. त्यावर उत्तर असे, की एवढे मागितले असते तर थोडेही पदरात पडले नसते. पुढे त्यांनी ठरवले की, नववर्षाचा दिवस शाब्बाथला (शनिवारच्या विश्रांतिदिनी) आला तर पूर्वी मंदिरात वाजणारा शोफार (शिंगाचे वाद्य) आता न्यायसभा असेल तेथे वाजवावा. कोणते कार्य जागेपासून सुटे करता येते आणि कोणते नाही, हे त्यांनी आधी ताडले. तुमच्या सिनेगॉगात जन्म-विवाहांच्या नोंदवह्या, हझ्झानांच्या तोंडी असलेल्या चाली आणि मराठी कीर्तने या सुट्या करता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण आणि स्कॅनिंग हा खर्च ठेवीच्या मानाने किरकोळ असून चारही चित्रांत उपयोगी पडतो. आणि वयोवृद्ध हझ्झान असताना तो पुढे ढकलण्यासारखा तर मुळीच नाही.

दुसरे, अस्ताचे भाकीत हेही एक भाकीतच असते. १९६४ मध्ये अमेरिकेच्या ‘लूक’ नियतकालिकाने अमेरिकन ज्यू नाहीसे होत असल्याची मुखपृष्ठकथा छापली. ते नियतकालिक १९७१ मध्ये बंद पडले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतील ज्यूंची संख्या सुमारे ७५ लाख भरली. तेवढ्यावरून कोकणात काही सिद्ध होत नाही. मात्र चारपैकी एक तरी चित्र वाढीचे असावे, आणि ते मंडळातील सर्वांत निराश माणसाने लिहावे. (हा माझा खोडसाळपणा नाही, त्यामुळे निराशेलाही कारणे द्यावी लागतात.)

बार्देशची वाचक

बैठकीला कोण बसणार हे कोणी विचारलेच नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये मॉन्ट फ्लेर येथे जी भविष्यचित्रे तयार झाली, ती लक्षात राहिली कारण परस्परविरोधी पक्षांतील बावीस जणांनी एकत्र बसून ती लिहिली आणि त्यांना शहामृग, लंगडे बदक, इकॅरस, फ्लेमिंगोंचे उड्डाण अशी सर्वांना कळतील अशी नावे दिली. केवळ विश्वस्त जमले तर चारही चित्रे एकाच चष्म्यातून दिसतील. इस्रायलमधील लॉड किंवा अश्दोद येथील नातेवाईक व्हिडिओ कॉलवर असावेत, विशीतली मुले असावीत आणि स्त्रिया तर असाव्यातच. आमच्या गोव्यातील देवस्थानांचे कित्येक महाजन मुंबईत राहतात आणि जत्रेला येतात. दूर राहणाऱ्याचा शब्द कुठवर चालेल, हे आधी ठरवले नाही तर भांडणे होतात, हे आम्ही पाहत आलो आहोत.

आणखी एक. मिन्यानमध्ये दहा ‘पुरुष’ हे अंत्रुजवासी यांनी ठरून गेलेल्या गोष्टींत घातले आहे. ते ठरलेले नाही, तो निर्णय आहे. जगातील सुधारणावादी ज्यू मंडळ्या स्त्रियांनाही मोजतात, आणि मुंबईतही १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्युईश रिलिजस युनियन ही सुधारणावादी संस्था उभी राहिली होती.

रेवदंडा ते रायबंदर

सर्वांचे आभार. मिन्यानविषयी बार्देशच्या ताईंचे म्हणणे रास्त असले, तरी आमच्या मंडळीत तो विषय थेट ठेवला तर बैठक तेथेच मोडेल. तो मी निर्णय म्हणून मांडणार नाही. एका चित्राची अट म्हणून लिहीन, म्हणजे त्या चित्रात आणखी काय काय बदलते हे ज्येष्ठांना शांतपणे पाहता येईल. इस्रायलमधून येणाऱ्यांवर विसंबलेल्या चित्रांत सुरक्षेची बाजूही घालावी लागेल. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईच्या नरिमन हाउस या छाबाद केंद्रावरील हल्ला आणि ऑक्टोबर २०२३ नंतरचे युद्ध पाहता या येण्याजाण्याला कायमचे गृहीत धरता येत नाही.

राहिलेली शंका अशी की, बैठकीनंतर चित्रे कपाटात जाऊ नयेत यासाठी काय करावे?

जुना विश्वस्त

प्रत्येक चित्रासाठी एक-दोन खुणा ठरवा आणि वार्षिक सभेच्या इतिवृत्तात त्यांची नोंद सक्तीची करा: वर्षभरात मिन्यान किती वेळा जमले नाही, परदेशातून किती कुटुंबे आली, विश्वस्तांपैकी सत्तरीखालचे किती. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून रायगडातील जमिनीकडे मुंबईकरांचे लक्ष वाढले आहे, म्हणून जागेसाठी आलेली प्रत्येक विचारणाही लिहून ठेवा.

कागदपत्रे मात्र बैठकीपूर्वीच तपासा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. विश्वस्त बदलल्यावर चेंज रिपोर्ट (बदलाची सूचना) दाखल करावा लागतो आणि लहान न्यासांत नेमके तेच राहून जाते. नोंदणीवरील नावे दिवंगतांची असतील तर इमारत खात्याकडे सोपवायची की स्वतः चालवायची, यांपैकी कोणत्याही चित्रात सही करायला अधिकृत माणूस सापडणार नाही. ठेवीतील पहिला खर्च मी वकिलाच्या फीवर करीन, दुसरा छपरावर.