शब्दचर्चा : संयुक्त राष्ट्रसंघ ‘व्यक्ती’ आहे, पण त्याला ‘व्यक्तिमत्त्व’ आहे का?

अनुवादवाली :
एका विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कायद्याची टिपणं मराठीत करते आहे. परवापासून एका वाक्यापाशी गाडी अडली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांची हत्या झाली. माणूस स्वीडनचा, काम संघाचं. आता नुकसानभरपाई मागायची कुणी? स्वीडनने मागितली तर प्रश्नच नव्हता, पण संघ स्वतःच्या नावाने मागू शकतो का? आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं. ११ एप्रिल १९४९ ला न्यायालयाने सांगितलं की मागू शकतो, कारण संघाला ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी’ आहे. लगोलग हेही बजावलं की म्हणून संघ राज्य ठरत नाही, ‘सुपर-स्टेट’ तर नाहीच.

मी लिहिलं, ‘संयुक्त राष्ट्रसंघाला आंतरराष्ट्रीय व्यक्तिमत्त्व आहे.’ नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “म्हणजे मंडेलांसारखं ना?” तो इंजिनियर आहे, पण त्याला जे वाटलं तेच विद्यार्थ्यांनाही वाटणार. वाक्य खोडलं. पुढच्या पानावर ‘इम्युनिटी’ (संघावर कोर्टात दावा न चालणं) आणि ‘इम्प्लाइड पॉवर्स’ (शब्दाने न लिहिलेले, पण आहेत असं धरलेले अधिकार) आहेत. मदत करा.

शुद्धमराठी :
व्यक्तित्व लिहा, प्रश्न मिटला. व्यक्तीचं व्यक्तीपण ते व्यक्तित्व. व्यक्तिमत्त्वात मधे ‘मत्’ आहे, बुद्धिमत्तेत आहे तसा, म्हणजे काहीतरी अंगी असणं. न्यायालयाने संघाचे गुण वाखाणलेले नाहीत. तो कायद्याला दिसतो एवढंच म्हटलं आहे. आणि ‘व्यक्ती’ म्हणजे तरी मुळात काय? जे व्यक्त झालं, दिसू लागलं ते. त्या अर्थाने तर हा शब्द इंग्रजीपेक्षा नेमका बसतो.

(व्यक्तिमत्त्वात दोन त आहेत. आजकाल शिबिरांच्या फलकांवरसुद्धा एकच असतो, तो बघवत नाही.)

वाईकर :
व्यक्तित्व मराठी कानाला हिंदी लागतो. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, एकाही विद्यार्थ्याच्या तोंडी हा शब्द ऐकला नाही. संस्कृतातून व्युत्पत्ती निघते म्हणून शब्द मराठी होत नाही, तो कुणीतरी बोलावा लागतो.

बाकी मुद्दा महत्त्वाचा आहे. मी वर्गात सावरकरांची मार्सेलिसची उडी शिकवायचो. ८ जुलै १९१०, मोरिया बोट. मुलं हमखास विचारायची, “सर, सावरकर हेगच्या न्यायालयात गेले, मग हरले कसे?” सावरकर गेलेच नव्हते. दावा फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात होता आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा ब्रिटनच्या बाजूने झाला. ज्याला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून परत बोटीवर नेलं, त्याला तिथे बोलायला जागाच नव्हती, कारण तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्य सोडून दुसरं कुणी ‘कुणी’ नव्हतं. म्हणून १९४९ चा निर्णय मोठा. राज्य नसलेल्या कुणालातरी पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे खुर्ची मिळाली. ताई, हे टिपणात घालता आलं तर घाला.

आणि आमच्या पुस्तकांत ते ‘आंतरराष्ट्रीय न्यायालय’ म्हणून छापलेलं असायचं. तेही चूक. आजचं न्यायालय संयुक्त राष्ट्रसंघाबरोबर आलं. १९११ चा तो लवाद होता.

सनदी वकील :
कोर्टातली पद्धत सांगतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत कंपनी येते, माणसांचा समूहही येतो, नोंदलेला असो वा नसो. आम्ही ‘नैसर्गिक व्यक्ती’ आणि ‘कायदेशीर व्यक्ती’ म्हणतो. ‘कायदेशीर’ला माझाच आक्षेप आहे, उरलेली माणसं बेकायदेशीर असल्यासारखं वाटतं. ‘विधिव्यक्ती’ चालेल.

संघाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक म्हणजे देशांच्या आपसातल्या कायद्यात संघ कोण आहे. ते १९४९ चं मत. दुसरी म्हणजे एखाद्या देशाच्या आत, तिथल्या दुकानदारापुढे आणि कोर्टापुढे, संघ कोण आहे. ते संघाच्या सनदेच्या कलम १०४ मध्ये आहे आणि १९४६ च्या विशेषाधिकारांच्या करारात फोड करून दिलं आहे : करार करता येईल, स्थावर-जंगम मालमत्ता घेता-विकता येईल, दावा लावता येईल. आपल्याकडे त्यासाठी १९४७ चा स्वतंत्र अधिनियम आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘पर्सनॅलिटी’ म्हणून विद्यार्थी गोंधळतात. मराठीत दोन शब्द करता आले तर बरंच होईल.

तलाठीपुत्र :
पहिल्यांदाच लिहितो आहे. वडील तलाठी होते. आमच्या सज्जात एक सातबारा होता, भोगवटादाराच्या जागी नाव ‘श्री भैरवनाथ देव’. खाली इतर हक्कात गुरवाचं नाव. मी सहावीत होतो. वडिलांना विचारलं, देवाची सही कोण करतं? त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं, “जमीन देवाची. गुरव करतो ती वहिवाट. गुरव मेला तरी देवाचं नाव हलत नाही.”

ती जमीन गुरवाने एकदा विकायला काढली होती. खरेदीदार आला, नोंद धरायची वेळ आली तेव्हा वडिलांनी दप्तर उघडून ते पान पुढे केलं. पेन्सिलीने कुणीतरी देवाच्या नावाला कंस केला होता, तो त्यांनी खोडरबराने पुसला. तेवढंच आठवतं, पण अजून डोळ्यांसमोर आहे.

सांगायचं कारण, गावात कुणीही ‘देवाला विधिव्यक्तित्व आहे’ असं म्हणत नव्हतं. ‘देवाच्या नावावर आहे’ म्हणत होते आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नावावर काय काय होऊ शकतं, असं लिहून चालणार नाही का?

सनदी वकील :
वा! आणि हे नुसतं गावचं नाही. मूर्ती ही कायद्यातली व्यक्ती आहे हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये एका बंगाली घराण्याच्या वादात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, पुजाऱ्याचं नको असं सांगितलं. म्हणजे तुमच्या वडिलांनी जे खोडरबराने केलं तेच.

शुद्धमराठी :
उदाहरण सुंदर आहे, पण ‘नावावर’ ही बोली झाली, पारिभाषिक संज्ञा नव्हे. परीक्षेत विद्यार्थी काय लिहिणार? ‘संघाचं नावावरपण’?

वाईकर :
का नाही लिहू? तुम्ही लोकांनी संज्ञा एवढ्या घट्ट बांधल्या की त्या सोडवायला परत इंग्रजी लागतं.

जिनिव्हाकर :
मी अशाच एका संघटनेत अकरा वर्षं आहे, म्हणून इम्युनिटीबद्दल लिहितो. मराठी कायद्यात ‘उन्मुक्ती’ लिहितात. वर्तमानपत्रं ‘राजनैतिक संरक्षण’ म्हणतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली, तेव्हा हे दोन्ही शब्द रोज वाचत होतो. त्या वेळी त्यांची बदली मुद्दाम संयुक्त राष्ट्रसंघातल्या भारताच्या कायम प्रतिनिधी कार्यालयात केली गेली, कारण वाणिज्यदूताला फक्त कामापुरतं संरक्षण असतं आणि तिथे पूर्ण मिळतं. तेव्हा ‘संरक्षण’ शब्द पटला होता.

पण एक सहकारी होती. तिचा करार वाढवला नाही, तिच्या मते सूडापोटी. ती इथल्या एका वकिलाकडे गेली. त्याने फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, मालक कोण ते आधी सांगा. मालकाचं नाव ऐकून फाइल तशीच तिच्याकडे सरकवली. स्विस कोर्टात आमच्या संघटनेवर दावा चालत नाही. तिला अंतर्गत तक्रार करून मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावं लागलं. दोन वर्षं गेली. त्या दिवशी जिन्यात ती बसली होती आणि मी मनातल्या मनात ‘उन्मुक्ती’ म्हणून पाहिलं. शब्द किती मोकळा आहे आणि तिच्यासमोर तर दार लागलं होतं. तेव्हापासून तो शब्द माझ्याच्याने वापरवत नाही. उन्मुक्ती संघटनेची. समोरच्याचं काय, ते तो शब्द सांगत नाही.

सनदी वकील :
मुंद्र्याचे मच्छीमार हेच सांगतील. कच्छच्या किनाऱ्यावरच्या औष्णिक वीज प्रकल्पाला जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. मासळी गेली, पाणी खारावलं अशी तक्रार घेऊन मच्छीमार आणि शेतकरी २०१५ मध्ये थेट वॉशिंग्टनच्या कोर्टात गेले. महामंडळ म्हणालं, आमच्यावर दावाच चालत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ असं सांगितलं की १९४५ च्या त्यांच्या कायद्याने अशा संघटनांना परक्या राज्यांइतकंच संरक्षण आहे, आणि परक्या राज्यांना आज व्यापारी व्यवहारात ते पूर्ण नाही. म्हणजे दार किलकिलं झालं. पुढे खालच्या कोर्टात पुन्हा अडलं, कारण दाव्याचा गाभा अमेरिकेत घडलेला नाही. पण ‘संपूर्ण संरक्षण’ हा शब्द गेला.

अनुवादवाली :
जिनिव्हाकर, तुमचं वाचून थांबले. ‘दावा चालत नाही’ हेच वाक्यात घालून पाहिलं : ‘संघाला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, त्याच्यावर मात्र देशाच्या न्यायालयात दावा चालत नाही.’ नाम न वापरता सगळं आलं! पण धड्याच्या मथळ्याला नामच लागतं.

आता ‘इम्प्लाइड पॉवर्स’. एका हिंदी पुस्तकात ‘विवक्षित शक्तियाँ’ आहे. तेच घेऊ का?

शुद्धमराठी :
मुळीच नको! हिंदी कायद्यात विवक्षित म्हणजे न बोलता अभिप्रेत असलेलं. मराठीत विवक्षित म्हणजे ठरावीक, अमुकच. ‘विवक्षित वेळी हजर राहावे.’ तुमचा विद्यार्थी नेमका उलटा अर्थ घेईल. न्यायालय म्हणतं की सनदेत शब्दाने लिहिलेले नसले तरी कर्तव्य पार पाडायला जे आवश्यक आहेत ते अधिकार संघाला आहेत असं धरावं, आणि विद्यार्थी वाचेल की फक्त लिहून दिलेले तेवढेच!

आणि ‘शक्ती’ तर नकोच. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहेत, हिंदीत ते ‘मूल अधिकार’. म्हणून मराठीत ‘अधिकार’ हा शब्द ‘पॉवर’साठी मोकळा राहिला. हक्क वेगळा, अधिकार वेगळा. ही आपली कमाई आहे. मानवी हक्कांचे ‘मानवाधिकार’ करून आपण ती उधळतो आहोत.

वाईकर :
इथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आश्चर्य वाटू द्या. आणि इम्प्लाइडला माझा शब्द आहे : अध्याहृत. व्याकरणात कर्ता अध्याहृत असतो, ‘उद्या येतो’ म्हटलं की ‘मी’ न लिहिता कळतो. अध्याहृत अधिकार.

सनदी वकील :
शब्द छान, पण विद्यार्थी अधिकारांना सीमा नाही असं समजतील. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच न्यायालयाला अण्वस्त्रांच्या वापराबद्दल मत विचारलं. १९९६ मध्ये न्यायालयाने उत्तर द्यायलाच नकार दिला. म्हणालं, अण्वस्त्रांचा आरोग्यावर परिणाम हा तुमचा विषय, त्यांचा वापर कायदेशीर की बेकायदेशीर हा नाही. संघटनेला राज्यांनी ज्या कामासाठी नेमलं त्यापुरतीच ती. मी हे मुखत्यारपत्रावरून शिकवतो. राज्य हे मालक. संघटना मुखत्यार, आणि तेही कुलमुखत्यार नाही, खास मुखत्यार. घर भाड्याने द्यायला नेमलेला मुखत्यार गळकं छप्पर दुरुस्त करून घेऊ शकतो, तसं लिहिलेलं नसलं तरी. तो झाला अध्याहृत अधिकार. घर विकू मात्र शकत नाही.

शुद्धमराठी :
उपमा उत्तम. पण मुखत्यार अरबी आहे. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना?

सनदी वकील :
साहेब, माझा अशील खेड्यातून येतो आणि ‘कुलमुखत्यार’ म्हणतो. मी त्याला ‘सर्वाधिकारपत्रधारक’ म्हणालो तर तो सही करणार नाही. वकील, अशील, दावा हे तिन्ही अरबीच. काढून टाकले तर माझं ऑफिस रिकामं होईल.

फोंडेकर :
आत्ता वाचलं. वाईकरकाकांनी वर ‘लवाद’ लिहिलं त्यावर कुणीच बोललं नाही. तो अरबीही नाही, संस्कृतही नाही. पोर्तुगीजमध्ये ‘लोवादो’ म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेला पंच, किंमत ठरवणारा. मला तर तो तिथूनच आलेला वाटतो. आजोबांकडे जमिनीच्या वाटणीचे जुने पोर्तुगीज कागद आहेत, त्यात हा शब्द मी स्वतः वाचला आहे, पुढे दोन माणसांची नावं.

वाईकर :
हे माहीत नव्हतं! पण मग गंमत बघा, तुमच्याकडे लवाद म्हणजे माणूस. आमच्याकडे कृष्णाकाठी ‘बच्छावत लवाद’ म्हटलं की १९६९ साली नेमलेलं अख्खं न्यायाधिकरण. वडील म्हणायचे, “लवादाने पाणी वाटून दिलं.” माणसाचा शब्द संस्थेला चिकटला. ताईंची अडचण नेमकी उलटी, संस्थेला माणसाचा शब्द लावायचा आहे.

शुद्धमराठी :
पोर्तुगीज व्युत्पत्तीवर इतक्या लवकर विश्वास ठेवू नका. ‘वाद’ त्यात स्पष्ट दिसतो आहे.

फोंडेकर :
मग ‘ल’ कुठला? सांगा.

अनुवादवाली :
मथळ्यात सध्या ‘विधिव्यक्तित्व’ टाकलं आहे आणि त्याखाली पहिल्याच ओळीत ‘म्हणजे संघाच्या नावावर काय काय होऊ शकतं’. वकीलसाहेबांनी मागितलेला दुसरा शब्द अजून सापडलेला नाही. आणि तलाठीपुत्र, भैरवनाथाचा सातबारा उदाहरण म्हणून घेतला तर चालेल ना? गावाचं नाव घालणार नाही.

तलाठीपुत्र :
जरूर घ्या. फक्त ‘गुरव’ तसाच ठेवा, ‘पुजारी’ करू नका. आमच्याकडे पुजारी म्हणत नाहीत.

वाईकर :
फोंडेकर, एक विचारायचं राहिलं. आम्ही पंच बसवतो पण लवाद नेमतो. त्या पोर्तुगीज कागदांत क्रियापद कोणतं आहे, बघून सांगाल का?