जुन्या घराचं वायरिंग बदललंय? अनुभव लिहा

आमची पुण्यातली इमारत १९७६ ची. परवा गीझर लावल्यावर करपल्यासारखा वास आला. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर वायरीवरचं आवरण बोट लागताच शिळ्या चकलीसारखं तुटून पडतंय. आत तांबं नाही, ॲल्युमिनियम. वायरमनने डोकावून सांगितलं, "ताई, एका बोर्डाने भागायचं नाही." म्हणजे अख्खं घर आलं. भिंतीवरून पट्टी लावून वायर न्यावी की भिंती फोडाव्यात? घरात राहून जमतं का? आई ८१ वर्षांची आहे. दर नकोत, ते गावोगाव वेगळे. फजितीचे किस्से हवेत.
– पानगळ

चिरेबंदी
राजापूरजवळचं आजोळ. चिऱ्याच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. खाच पाडायला घेतली तर हातभर गिलावा सुटून आला, मग मुकाट्याने पीव्हीसी पट्टी.

पण खरी गंमत अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीची. पूर्वीच्या माणसाने अर्थची वायर विहिरीच्या पंपाच्या लोखंडी पाइपला गुंडाळली होती. मध्ये कधीतरी आम्ही पाइप पीव्हीसीचे केले आणि अर्थ गेलं. कुणाच्या ध्यानीमनीही नाही. पावसाळ्यात फ्रिजला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. आजी म्हणायची, चपला घालून उघडा रे. बारा वर्षं आम्ही चपला घालून फ्रिज उघडला! आता मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून पाइप पुरलाय. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम भाच्याकडे.

जोडफ्लॅट
आम्ही पैसे वाचवायला बाल्कनी तेवढी जुनीच ठेवली. बाकी सगळं नवं, ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा आरसीसीबीसुद्धा. पहिल्याच संध्याकाळी बाल्कनीतला साठचा बल्ब लावला आणि घर अंधारात. वायरमनने आरसीसीबीलाच दोष देऊन तो बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला: शेजारचा फ्लॅट पूर्वी काकांचा, आणि आमच्या बाल्कनीला फेज (वीज आणणारी वायर) आमचा पण न्यूट्रल (परत नेणारी वायर) काकांच्या मीटरवरचा. आरसीसीबी बघतो ते गेलेला करंट तेवढाच परत आला का. आमचा जात होता आमच्याकडून आणि परतत होता काकांकडे. तो बिचारा इमानदारीने पडत होता. जुन्या फ्यूजला मात्र इतकी वर्षं याचा पत्ताच नव्हता.

पक्कडवाला
मी स्वतः वायरमन. त्या काळी तांबं महाग म्हणून ॲल्युमिनियम खूप वापरलं गेलं. ते मऊ, स्क्रूखाली दबत जातं, जोड ढिला होतो, ढिला जोड तापतो. त्याला तांब्याची वायर पीळ देऊन जोडली तर आणखीच वाईट. म्हणून ताई, अर्धं नवं अर्धं जुनं करू नका.

दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, साध्या प्लगांना अडीचची, गीझर-एसीला चारची आणि प्रत्येकाला वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. दोन हजार वॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. एमसीबी पडतो म्हणून "मोठा टाका हो" म्हणणारे रोज भेटतात. अहो, तो वायर वाचवायला असतो! गिऱ्हाईक स्विचच्या रंगावर तासभर घालवतं आणि वायरीच्या बंडलावर आयएसआयचा शिक्का बघत नाही. शिवाय भिंत बुजवण्याआधी मोजायचा टेप धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना आठवण काढाल.

तिखटमीठ
घरात राहून जमतं. दोन-दोन खोल्या केल्या, अकरा दिवस लागले, धूळ मात्र डब्यातल्या पोह्यांपर्यंत पोचली. सासूबाईंना नणंदेकडे पाठवणार होतो. त्या म्हणाल्या, "माझ्या देवाचा दिवा कुठे विजेवर चालतो?" राहिल्या, आणि बरंच झालं. वायरमन पलंगाजवळचा प्लग जमिनीलगत घेणार होता. यांनी काठी टेकवून दाखवलं, इथे, वाकायला लागता कामा नये. आता मीही तोच वापरते.

पानगळ
चिरेबंदींचं वाचून मेन बंद केला आणि फ्रिजचा सॉकेट उघडला. अर्थची हिरवी वायर आहे. बोर्डामागे इंचभर जाते, पुढे कापून टेप गुंडाळलाय. पक्कडवाला, सगळंच बदलतोय. आई इथेच राहील, काठी आहेच.