मदत हवी आहे: ऑगस्टअखेर लेक मिशिगनमध्ये किंग सॅमनसाठी कुठली आमिषं लावू?

खंड्या:
मिशिगन राज्यातल्या लडिंग्टन बंदराहून ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी. १९ फुटी बोट, दोन डाउनरिगर (केबलला टांगलेल्या १० पौंडी गोळ्याने आमिष हव्या त्या खोलीवर नेतात), दोन डिप्सी रॉड (डिप्सी म्हणजे आमिष खाली आणि बाजूला नेणारी चकती). ५२ अंश फॅरनहाइटचं पाणी ६५ फुटांवर सापडतंय, फिशफाइंडरवर माशांच्या जाडजूड कमानीही दिसतायत, पण चावा नाही. पेटीत जुलैत चाललेले चंदेरी स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) आहेत. जीपीएसवर वेग ताशी २.५ मैल. स्पूनचेच रंग बदलत राहू की दुसरं काही घेऊ? तीन-चार आमिषांचंच बजेट आहे.

नांगर:
रंग बदलत बसू नका, आमिषाचा प्रकारच बदला. जुलैतला किंग अलेवाइफ (छोटे चंदेरी मासे) खायला हिंडत असतो, म्हणून अलेवाइफसारखा दिसणारा स्पून तो घेतो. आता तुम्हाला दिसतायत त्यातले बरेचसे पूर्ण वाढलेले मासे पेअर मार्केट नदीत चढण्यासाठी मुखाशी जमलेले असणार. अंडी घालायची वेळ जवळ आली की त्यांचं खाणं सुटत जातं. ते तोंड घालतात ते मुख्यतः चिडून. म्हणजे नाकासमोरून काहीतरी दांडगं, धडधडत जाणारं गेलं पाहिजे.

बजेट चारचं आहे ना? मग दोन जे-प्लग (माशाच्या आकाराची प्लास्टिकची आमिषं, ४ आणि ५ नंबर) आणि दोन ८ इंची फ्लॅशर (पाण्यात गरगरणारी चमकती पट्टी), मागे माशी (झिरमिळ्यांचं आमिष) लावून. प्लग एक अंधारात चमकणारा हिरवा, दुसरा पांढरा किंवा क्रोम. पहाटे चमकणारा चालतो, पण पाण्यात सोडण्याआधी त्यावर टॉर्च मारायलाच हवा, आणि दर वीस-तीस मिनिटांनी वर काढून पुन्हा. नाहीतर तो खाली गेल्यावर नुसता फिकट प्लास्टिकचा तुकडा. ऊन चढलं की क्रोम लावा. एवढ्या खोलीवर लाल रंग काळपटच दिसतो, हिरवा-निळा टिकतो, तेव्हा लालावर पैसे घालू नका.

प्लग डाउनरिगरवर, गोळ्यामागे १५ ते २५ फूट. तो गोळ्याच्याही थोडा खाली उतरतो, म्हणून गोळा कमानींच्या जरा वरच ठेवा. जे-प्लगची खुबी अशी की लाइन त्याच्या अंगातून आरपार जाते. मासा लागला की प्लग लाइनवरून वर सरकतो आणि डोकं झटकताना माशाला हूक उखडायला आधार मिळत नाही. या दिवसांत नरांचे जबडे टणक झालेले असतात, तेव्हा हूक नखावर टेकवून पाहा. घसरला तर आधी कानस मारा.

उत्तरवारा:
नांगर यांच्याशी सहमत. फ्लॅशरबद्दल थोडं. फ्लॅशर ते माशी २० ते २४ इंच, ४० पौंडी लीडर (आमिषाला जोडणारा लाइनचा तुकडा). लीडर आखूड तितका माशीला झटका जास्त, आणि चिडक्या माशाला तोच हवा. डिप्सी ते फ्लॅशर ६ ते ८ फूट. त्याहून लांब केलंत तर डिप्सी रॉडच्या टोकाला येऊन अडेल आणि मासा जाळ्याच्या टप्प्यात येणार नाही. दोन्ही डिप्सी ३ नंबरवर (सर्वांत बाहेर नेणारं सेटिंग), एक डावीकडे एक उजवीकडे.

वेगाचं मात्र जीपीएसवर विसंबू नका. तळ्यात खोलवर प्रवाह असतात. उत्तरेला जाताना डाउनरिगरची केबल उभी आणि दक्षिणेला जाताना मागे तिरकी दिसली, तर २.५ हा आकडा दोन्हीकडे सारखा नाही. केबलचा कोन सारखा राहील असा वेग धरा. वळणावर बाहेरच्या रॉडला चावा आला तर वेग वाढवा, आतल्याला आला तर कमी करा. प्लग आणि फ्लॅशर साधारण २.२ ते २.८ मध्ये एकत्र चालतात. हलके स्पून मध्ये घुसडू नका, त्यांच्यासाठी वेग जुळवण्यात बाकीचं बिघडतं.

आणि वारा बघा. त्या किनाऱ्यावर उत्तरेचा किंवा पूर्वेचा वारा टिकला की गार पाणी काठाशी वर येतं, मासेही आत येतात. मग ६५ फुटांचा हट्ट सोडून पहाटे धक्क्याच्या तोंडापासून ३०-४० फूट खोल पाण्यात सुरुवात करा.

खंड्या:
आभार! प्लग आणले, पण ओढून पाहिले तर डाउनरिगरवर लाइन धरून ठेवणारी क्लिप आपोआप सुटते. शिवाय एक प्लग स्वतःभोवती गोल फिरतो.

नांगर:
क्लिप स्पूनच्या ओढीला लावलेली असेल. प्लग कितीतरी जास्त ओढतो, ताण वाढवा किंवा लाइन क्लिपमध्ये आणखी आत सरकवा. फिरणाऱ्या प्लगचं बोटीच्या कडेलाच तपासा. चांगला प्लग एका बाजूला लांब सुटतो, बुडी मारतो, परत येतो. गोल फिरत असेल तर बहुधा हूक लीडरमध्ये किंवा प्लगच्या अंगात अडकलाय. लाइन ताणून धरा, हूकची साखळी भोकाशी सरळ बसते का पाहा. ते ठीक असेल तर वेग अर्ध्या मैलाने उतरवा. प्लगच्या वर ६ फुटांवर बॉल बेअरिंग स्विव्हल (फिरती कडी) हवंच, नाहीतर तासाभरात लाइनला पीळ बसेल.